उपाशी माणसांची खानावळ

आमच्या घरात सध्या कोणीही धड जेवत नाही, आणि गॅस मात्र सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत बंद होत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे घरातल्या एकाही वजन उतरवणाऱ्या माणसाच्या लक्षात आलेलं नाही. गॅस पेटवायला त्यांच्यापैकी कोणी येत नाही, हे त्याचं कारण.

पूर्वी घराला जेवणाच्या दोन वेळा असत. आमच्याकडे, नाशिकला, दुपारी साडेबारा आणि रात्री साडेआठ. पानं घेतली की सगळे येऊन बसत, मीठ कमी आहे म्हणत, भांडत, वाढून घेत आणि उठत. तासाभरात ओटा पुसून व्हायचा. आता नवरा दिवसातून दोनदाच जेवतो, पण त्या दोन वेळा पूर्वीच्या नव्हेत. मुलगा दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात तोंड उघडतो, तेही खाण्यापुरतं. बोलण्यासाठी त्याने अजून तशी मुदत ठरवलेली नाही. सासूबाई पंचांग बघून जेवतात. पुण्याहून अधूनमधून येणारे धाकटे दीर आठवड्याचे पाच दिवस जेवतात आणि दोन दिवस जेवल्यासारखं करतात. त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या जाऊबाई, दर दोन तासांनी खातात. पोळ्या करायला येणाऱ्या मावशी दारातूनच विचारतात, "आज कोण कोण उपाशी?" त्या हिशेबाने कणीक भिजते. उपाशी जास्त असले की जास्त भिजते.

नवऱ्याचा पंथ महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव व्याख्यानं देऊन तो घरोघर पोचवला, आणि मूळ श्रेय ते नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांना देतात. जिचकार म्हणजे डॉक्टर, आयपीएस, आयएएस, १९८०मध्ये आमदार, शिवाय वीसएक पदव्या. एवढ्या सगळ्याला माणसाला वेळ कुठून मिळाला, याचं उत्तर दोनदाच जेवण्यात असावं असा माझा अंदाज आहे. पद्धत सुटसुटीत आहे: कडकडून भूक लागण्याच्या आपल्या दोन वेळा ओळखायच्या, त्या वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवायचं, मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा असल्या गोष्टींपलीकडे काही घ्यायचं नाही, आणि रोज पाऊण तासात साडेचार किलोमीटर चालायचं. दर खाण्याबरोबर रक्तात इन्सुलिन येतं, ते वारंवार येत राहिलं तर शरीर साठवलेल्या चरबीला हात लावत नाही, म्हणून वारंवार खाऊ नका, असा त्यामागचा विचार.

नवऱ्याने या सगळ्यातली ५५ मिनिटं तेवढी मनापासून स्वीकारली. आपल्याला कडकडून भूक कधी लागते याची त्याने सुरुवातीला वहीत नोंद ठेवली होती. ती वही मी पाहिली. त्यात रात्री दोन ते पहाटे पाच एवढाच भाग कोरा होता. शेवटी सकाळी साडेदहा आणि संध्याकाळी साडेसात अशा वेळा बहुमताने ठरल्या. मोबाइलवर गजर लावून तो पानावर बसतो. पहिली वीस मिनिटं पोळी-भाजी, वरण-भात. मग कोशिंबीर, मग दही, मग केळं, मग साखरेचा चहा, कारण साखरेचा नंतर घेतला तर मोडतं. पन्नास मिनिटं झाली की त्याच्या चेहऱ्यावर एक अस्वस्थता येते. "अगं, दिवाळीच्या करंज्या राहिल्या होत्या ना दोन?" पूर्वी याच करंजीची त्याला चार वाजता आठवण यायची, आणि मी आतल्या खोलीत आहे असं पाहून तो स्वतःच गप्प बसायचा. आता चार वाजताची सोय राहिली नाही, त्यामुळे दिवसभरात जे जे आठवू शकलं असतं ते सगळं एक्कावन्नाव्या मिनिटाला आठवतं. गजर वाजतो तेव्हा तो समाधानाने हात धुतो आणि आपण आता रात्रीपर्यंत काहीही खाणार नाही असं जाहीर करतो. त्या अवस्थेत मीही जाहीर केलं असतं.

मधल्या वेळात तो यूट्यूबवर स्वयंपाकाचे व्हिडिओ बघतो. ज्या माणसाला कुकरची शिट्टी बदलता येत नाही, तो मला परवा कोल्हापुरी मसाल्यात दगडफूल किती घालायचं ते सांगत होता. याला शास्त्रात आधार आहे. १९४४-४५मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊपिऊ घालायचं हे समजावं म्हणून. त्यांना रोज साधारण १५७० कॅलरी मिळत आणि भरपूर चालावं लागे. त्यातले धडधाकट तरुण हळूहळू दुसऱ्या कशाबद्दल बोलेनासे झाले. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. आमच्या घरात जो प्रयोग चालू आहे त्यात अर्धपोटी राहण्याचा भाग गाळलेला आहे, पुस्तकांचा तेवढा घेतलेला आहे.

जाऊबाई समोरच्या पक्षात. करीना कपूरचा 'टशन' सिनेमातला बांधा पाहून देश तिच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांकडे वळला. २००९मध्ये त्यांचं पुस्तक आलं, आणि उपाशी राहून बारीक होऊ पाहणाऱ्या बायकांना कोणीतरी पहिल्यांदाच खा म्हणालं. उठल्यावर आधी चहा नको, काहीतरी खा. मग दर दोन तासांनी थोडं थोडं. सूर्य मावळल्यावर दोन तासांत जेवण उरका. आणि तुपाला घाबरू नका. यातलं शेवटचं वाक्य ऐकून सासूबाई म्हणाल्या होत्या, "ही मुलगी चांगल्या घरची दिसते."

२०१८च्या सुमारास या दोन पंथांनी महाराष्ट्रात काय धुमाकूळ घातला होता ते आठवतं का? लग्नाच्या मांडवात अनोळखी माणसं एकमेकांना "तुम्ही दीक्षित की दिवेकर?" असं विचारत, आणि उत्तर चुकीचं आलं तर रांग बदलत. व्हॉट्सअॅपवर तर या विषयाने राजकारणालाही काही दिवस मागे टाकलं. त्यात एक मौज अशी की दोघांचं निम्मं सांगणं एकच होतं. घरचं खा, पाकिटातलं खाऊ नका, हालचाल करा, रात्री उशिरा जेवू नका. पण निम्म्यावर एकमत असताना उरलेल्या निम्म्यावरून नातं तोडायचं, ही आपली रीत जुनी आहे.

तर या जाऊबाई घरात पाऊल ठेवता ठेवता म्हणतात, "वहिनी, माझ्यासाठी वेगळं काही करू नका हं." स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या पोटात गोळा आणणारं याहून दुसरं वाक्य मराठीत नाही. कारण पुढे लगेच "फक्त" येतो. फक्त सकाळी सहाला एक केळं आणि भिजवलेले बदाम. आठला पोहे, घरात होतच असतील. दहाला एखादं फळ. बाराला जेवण, थोडंच. दोनला वाटीभर ताक. चारला भाजलेले शेंगदाणे आणि गूळ. सहाला एखादं थालीपीठ, छोटंसं. साडेसातला भात-वरण-तूप. त्यांचं प्रत्येक खाणं खरोखरच थोडं असतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते; पण छोट्याशा थालीपिठाला तवा तेवढाच तापवावा लागतो. त्यांना वाढून हात पुसेपर्यंत नवऱ्याच्या गजराची वेळ होते.

मुलाचं सगळं अॅपवर चालतं. सोळा तास बंद, आठ तास चालू. "आई, माझी विंडो बंद झाली," असं तो रात्री आठ वाजून एक मिनिटाने खोलीतून ओरडून सांगतो, आणि आठ वाजायला पाच मिनिटं असताना माझ्यामागे उभा राहून पोळी लवकर भाजली जावी म्हणून तव्याकडे बघत असतो. या अॅपला तो वर्षाचे पैसे भरतो. अॅप त्याबदल्यात त्याला खाऊ नको म्हणून सांगतं आणि तो खात नसला की एक वर्तुळ भरत नेतं. मावशींना हे कळलं त्या दिवशी त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "न खायचे पैसे?" म्हणाल्या. त्या स्वतः सहा वाजता चहा पिऊन घरातून निघतात, चार घरच्या पोळ्या करतात आणि दुपारी तीनला घरी जाऊन पहिला घास खातात. ही पद्धत त्यांना कोणी शिकवली नाही आणि वर्तुळही कोणी भरत नाही. मुलाने त्यांना मोठ्या आदराने सांगितलं, "मावशी, तुमचं फास्टिंग माझ्यापेक्षा कडक आहे." त्यावर त्यांनी त्याच्याकडे जसं पाहिलं, ते त्याच्या अॅपमध्ये कुठे नोंदवायची सोय नव्हती.

त्याचा आवडता शब्द ऑटोफॅजी. उपाशी राहिलं की पेशी स्वतःतला केरकचरा स्वतःच खाऊन टाकतात आणि या शोधाला नोबेल मिळालं आहे, असं तो पाहुण्यांना सांगतो. नोबेल मिळालं हे खरं. २०१६मध्ये जपानच्या योशिनोरी ओसुमींना मिळालं. पण त्यांनी ज्याला उपाशी ठेवलं ते यीस्ट होतं. म्हणजे पाव फुगवतात ते. मिसळीबरोबर ज्या पावाची तिसरी लादी मागवताना आमच्या घरात कोणी मागे हटत नाही, तो पाव फुगवणाऱ्या एकपेशीय जिवाची उपासमार झाली, ती एका सज्जन माणसाने सूक्ष्मदर्शकातून बघितली, त्यामागची जनुकं शोधली, आणि त्याचं पुण्य नाशिकला वाटलं गेलं. सासूबाईंच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर तर आणखी पुढची बातमी आली: जपानी शास्त्रज्ञाला एकादशीवर नोबेल. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. ओसुमींच्या कामात एकादशी नाही, वजनही नाही, आणि साबुदाणा तर नाहीच.

साबुदाण्यावर मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण मी तो फार भिजवला आहे.

धर्मशास्त्रात उपवासाचे प्रकार इतके आहेत की आजच्या आहारतज्ज्ञांना पुढची पन्नास वर्षं नवीन काही सुचवण्याची गरज नाही. दिवसातून एकदाच जेवायचं ते एकभुक्त. रात्रीच जेवायचं ते नक्त. कोणाकडे न मागता जे मिळेल ते खायचं ते अयाचित. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असं चातुर्मासात करतात ते धरणं-पारणं. आणि सगळ्यांवर कळस म्हणजे चांद्रायण: पौर्णिमेला पंधरा घास, मग रोज एक एक कमी करत अमावस्येला शून्य, आणि पुन्हा चंद्राबरोबर वाढत जायचं. हे व्रत मनुस्मृतीत पापाचं प्रायश्चित्त म्हणून सांगितलं आहे. कमरेचा घेर हे पाप मानलं जात नव्हतं, एवढाच काय तो फरक. आमच्या शेजारच्या जैन कुटुंबात सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा न घेणारे आजोबा आहेत, आणि त्यांच्या मोठ्या सूनबाईंनी वर्षीतप केलं आहे. वर्षभराहून अधिक काळ एक दिवसाआड उपास, शेवटी अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने पारणं. त्यांच्याकडून याबद्दल मी एक अवाक्षर ऐकलेलं नाही. उपासाबद्दल न बोलता उपास करता येतो, हे मला त्या घरावरून कळलं.

पण आमचा मराठी उपास म्हणजे निराळंच प्रकरण. धान्य चालत नाही, असा नियम. मग चालतं काय? साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, हिरवी मिरची, राजगिरा. आता या यादीकडे नीट बघा. बटाटा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचाच. साबुदाणा ज्याच्यापासून करतात तो टॅपिओकाचा कंदही तिकडचा. रताळं, मिरची, राजगिरा, सगळी मंडळी अमेरिका खंडातून आलेली, पोर्तुगीज आणि इतरांच्या गलबतांतून. कोलंबस १४९२मध्ये निघालाच नसता तर आषाढी एकादशीला आपण वरीचे तांदूळ आणि शिंगाड्याचं पीठ घेऊन गप्प बसलो असतो. ज्या ऋषींनी निषिद्ध पदार्थांची यादी केली त्यांना हे पदार्थ ठाऊकच नव्हते, त्यामुळे ते यादीत आले नाहीत. आणि यादीत नाहीत म्हणजे चालतात, असा अर्थ काढणारी बाई माझ्या मते भारतातली पहिली उत्तम वकील असली पाहिजे. तिने पुढच्या पिढ्यांवर केवढे उपकार करून ठेवले याची तिला कल्पना नव्हती. शंभर ग्रॅम कोरडा साबुदाणा म्हणजे साधारण ३५० कॅलरी, जवळजवळ नुसता पिठूळपणा. तेवढेच शेंगदाणे म्हणजे साडेपाचशेच्या वर. त्यात तूप, बटाटा, वर चिमूटभर साखर, शेजारी गोड दही. एकादशीला दुप्पट खाण्याची म्हण ज्याने केली त्याने हात आखडता घेतला होता.

आणि दिरांच्या पद्धतीत 'कमी जेवणाच्या' दिवशी पुरुषाला अख्ख्या दिवसात ६०० कॅलरी असतात.

दीर पाच-दोनवाले. ही पद्धत इंग्लंडमधून आली. मायकेल मोझ्ली नावाच्या डॉक्टर-पत्रकाराने २०१२मध्ये बीबीसीसाठी स्वतःवर प्रयोग करून एक कार्यक्रम केला, आणि पुढच्या वर्षी मिमी स्पेन्सर यांच्याबरोबर पुस्तक लिहिलं. पाच दिवस नेहमीसारखं खायचं, दोन दिवस बायकांनी ५०० आणि पुरुषांनी ६०० कॅलरींत भागवायचं. दीर हे अत्यंत काटेकोरपणे पाळतात, फक्त ते दोन दिवस कोणते याबाबत ते लवचीक आहेत. पुण्याला असताना सोमवार आणि गुरुवार. सोमवारी कोणाचा वाढदिवस निघाला तर मंगळवार. मंगळवारी संकष्टी आली, म्हणजे अंगारकीच, तर बुधवार, कारण मोदकांना नाही म्हणता येत नाही. दोन दिवस असे पुढे पुढे सरकत शनिवारी आमच्या दारात येऊन उभे राहतात, आणि शनिवारी ते आमचे पाहुणे असतात. उद्या उपाशी राहायचं आहे या विचाराने माणूस आज किती जेवू शकतो, हे बघायचं असेल तर त्यांना रविवारी रात्री वाढावं.

खरोखर कमी जेवणाचा दिवस आलाच तर ते स्वयंपाकघरात येऊन उभे राहतात. "वहिनी, फोडणीत तेल किती घातलंत?"

"बसेल एवढं."

"नाही, म्हणजे चमचे?"

मोठा चमचाभर तेलात १२० कॅलरी असतात, हे त्यांच्याकडून मला कळलं. एका साध्या बिनतुपाच्या पोळीच्या साधारण शंभर. म्हणजे दोन पोळ्या, फोडणीच्या तेलातला त्यांचा वाटा, वाटीभर वरण आणि मुठीएवढा भात इथे दिवस संपतो, आणि सूर्य अजून डोक्यावर असतो. त्या दिवशी दुपारी तीननंतर दिरांशी मालमत्तेचा, मुलांच्या शिक्षणाचा किंवा क्रिकेटचाही विषय काढू नये. जाऊबाई त्यांच्या समोर बसून भाजलेले शेंगदाणे आणि गूळ खात असतात. त्यांचं लग्न टिकलं आहे, हे त्या दोघांच्या स्वभावाचं श्रेय. आहारशास्त्राचं त्यात काही नाही.

मागच्या वेळी रविवारी मिसळ खायला जायचं ठरलं, आणि वेळ ठरेना. नाशिकमध्ये मिसळ सकाळी खातात. मुलाची मुदत बाराला उघडणार. नवऱ्याला साडेदहाच हवे, आणि मिसळ, जिलबी, पापड, ताक हे सगळं एकाच ५५ मिनिटांत बसलं पाहिजे, जाण्यायेण्याचा वेळ त्यात धरायचा की नाही यावर वेगळी चर्चा. जाऊबाईंना आठला चालणार होती आणि दहालाही चालणार होती. सासूबाईंची एकादशी. दिरांचा जेवणाचा दिवस, त्यामुळे ते बूट घालून दारात. तिथे कोणाची पद्धत खरी यावर जे सुरू झालं ते दुपारी एकपर्यंत चाललं, आणि मिसळीच्या वेळा टळल्या.

दिरांनी सुरुवातीलाच मोठी तोफ डागली. १९६५-६६मध्ये स्कॉटलंडच्या अँगस बार्बिएरी नावाच्या माणसाने ३८२ दिवस काही खाल्लं नाही. २०७ किलोंचा होता, ८२चा झाला. हे अर्थात डंडीच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, जीवनसत्त्वं घेऊन आणि सतत तपासण्या करून. आज कोणी हे करायला निघालं तर डॉक्टर त्याला दारातून परत पाठवतील, आणि पाठवावंच.

सासूबाई इतका वेळ वरीचे तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "मग पारण्याला काय केलं होतं?"

दिरांनी मोबाइलमध्ये शोधलं. "उकडलेलं अंडं. आणि ब्रेडचा एक तुकडा, लोणी लावून."

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. "वर्षभर उपास करून," त्या शेवटी म्हणाल्या, "अंडं?" आणि त्या क्षणापासून पाश्चात्त्य उपवासशास्त्रावरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच.

मुलगा म्हणाला, हे सगळं टोकाचं, सोळा-आठ हेच शास्त्रीय. इथे मला बोलावं लागलं. मी या विषयावर वाचलेलं आहे, कारण या घरात जे शिजतं त्यामागचं शास्त्र मला माहीत असलेलं बरं. २०२०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ११६ जणांवर त्याच्याच पद्धतीची परीक्षा झाली. निम्म्यांनी दुपारी बारा ते रात्री आठ एवढंच खायचं, निम्म्यांनी दिवसात तीन वेळा नेहमीसारखं. बारा आठवड्यांनी घड्याळवाल्यांचं वजन सरासरी ०.९४ किलो उतरलं, तीन वेळा जेवणाऱ्यांचं ०.६८. फरक पाव किलोचा. एवढ्यासाठी आमचा भाजीवाला काट्याकडे बघतसुद्धा नाही. संशोधन करणारे इथन वाइस हे हृदयरोगतज्ज्ञ स्वतः बरीच वर्षं असेच जेवत होते. निकाल बघून त्यांनी सोडलं. मग २०२२मध्ये चीनच्या ग्वांगझो शहरातला प्रयोग आला, तो वर्षभर चाललेला, १३९ जणांचा. तिथे सगळ्यांनाच कमी जेवायला दिलं, आणि निम्म्यांना ते सकाळी आठ ते दुपारी चारच्या आत खायला लावलं. घड्याळवाले आठ किलोंनी उतरले, बिनघड्याळवाले ६.३ किलोंनी, आणि हा फरक योगायोगानेही पडू शकतो असं संशोधकांचं म्हणणं. ताटात कमी पडलं म्हणून कमी झालं. कधी पडलं याने फार काही बिघडलं नाही.

"म्हणजे माझंच बरोबर," दीर म्हणाले. "एकूण कॅलरी."

त्यांच्यासाठी माझ्याकडे शिकागो होतं. २०१७ साली तिथे शंभर जणांपैकी काहींना एक दिवसाआड अगदी थोडं जेवायला सांगितलं, मधल्या दिवशी भरपूर. वर्षभरानंतर वजन रोज थोडं कमी खाणाऱ्यांइतकंच उतरलं, आणि त्या गटातले ३८ टक्के लोक मधेच सोडून गेले. राहिलेल्यांची गंमत तर विचारूच नका. उपासाच्या दिवशी ते ठरल्यापेक्षा जास्त खात होते, आणि मेजवानीच्या दिवशी ठरल्यापेक्षा कमी. म्हणजे शास्त्रज्ञांनी कितीही डोंगर-दऱ्या आखून दिल्या तरी माणसांनी त्या आपापल्या घरी गुपचूप सपाट करून घेतल्या. हे वाचून मला शिकागोच्या त्या अनोळखी लोकांबद्दल फार आपुलकी वाटली.

याचा अर्थ हे सगळे पंथ निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. रात्री दहानंतर फ्रिजचं दार उघडून त्याच्या उजेडात उभं राहायची ज्यांना सवय आहे, त्यांना आठला तोंड बंद करण्याचा नियम उपकारकच आहे. कॅलरी मोजण्यापेक्षा घड्याळ बघणं सोपं. नवऱ्याचा चारचा फरसाण सुटला, तो दीक्षितांमुळेच. मुलगा रात्री बारा वाजता मागवायचा ते पिझ्झे बंद झाले. आणि ब्रिटनमध्ये तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीन ते पाच महिने रोज साडेआठशेच्या आतबाहेर कॅलरींवर ठेवलेल्या मधुमेही लोकांपैकी जवळजवळ निम्म्यांचा मधुमेह वर्षभराने औषधाविना आटोक्यात होता. पण त्यात देखरेख हा शब्द आहे. सासूबाईंना साखरेची गोळी चालू आहे, आणि त्यातल्या काही गोळ्या पोटात अन्न येणार असं गृहीत धरून काम करतात. अन्न आलं नाही तर साखर खाली, घाम, थरथर, चक्कर. डॉक्टरांनी त्यांची निर्जळी एकादशी बंद करायला लावली तेव्हा "तो माझ्या मुलापेक्षा लहान आहे" असं त्या महिनाभर म्हणत होत्या. पण बंद केली. इतर एकादश्यांना गोळीचं काय करायचं ते त्यांनी फोन करून त्याच्याकडून लिहून घेतलं, आणि तो कागद पोथीत ठेवला.

जे मला पटत नाही ते वेगळंच आहे. सासूबाईंची एकादशी आली की ती सगळ्या घरावर यायची. त्या दिवशी कणीक नाही, भाजी नाही. एक खिचडी, एक भांडं, आणि जो कोणी घरात असेल त्याने तीच खायची. उपास करणाऱ्याने खाल्ली, न करणाऱ्याने जास्त खाल्ली. बारीक कोणी झालं नाही, पण दुपारी दोन वाजता मी आडवी व्हायचे. आताचा उपास ज्याचा त्याचा आहे. प्रत्येकाचं पोट स्वतंत्र, प्रत्येकाचं घड्याळ स्वतंत्र, आणि ओटा सामाईक. एकच माणूस सोळा तास खात नसेल तर ते चोवीसपैकी सोळा तास वाचतात असं वाटतं. चार माणसं चार निरनिराळ्या वेळांचे सोळा तास खात नसली की कोणी ना कोणी सतत खात असतं. वजन उतरवण्याच्या या सगळ्या खटाटोपात घरातलं प्रत्यक्ष उतरलेलं वजन माझं आहे, आणि माझा पंथ कोणी विचारत नाही.

म्हणून त्याच रविवारी संध्याकाळी मी फ्रिजवर कागद लावला. 'ओटा सकाळी १० ते रात्री ८ सुरू राहील. त्यानंतर येणाऱ्यांनी आपापली फोडणी आपापल्या हाताने द्यावी.'

कागदासमोर घराने गर्दी केली. जाऊबाईंना सकाळी सहाचं केळं हवं होतं. केळ्याला ओटा लागत नाही हे मी त्यांना दाखवून दिलं. मुलाने सांगितलं की हे चौदा-दहा झालं, सोळा-आठ नव्हे, आणि माझी स्वयंपाकाची विंडो शास्त्रीय नाही. दिरांना त्यांच्या सहाशेतल्या शेवटच्या दोनशे कॅलरी रात्री नऊला लागतात, नाहीतर झोप येत नाही. नवऱ्याचा आक्षेप असा की साडेसातला बसलं तर ५५ मिनिटं आठच्या पुढे जातात, आणि ते २५ मिनिटांचं नुकसान कोण भरून देणार. दीक्षित आणि दिवेकर, पाच-दोन आणि सोळा-आठ, हे सगळे एका बाजूला उभे राहिलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

त्यांनी सासूबाईंना पुढे केलं. त्या पंचांग घेऊनच आल्या होत्या. "तुझं बरोबर आहे गं," त्या म्हणाल्या. "या लोकांचं काही ऐकू नकोस. फक्त संकष्टीला चंद्रोदय नऊ बेचाळीसला आहे. त्या दिवसापुरतं बघ."

सासूबाईंची संकष्टी माझ्या लग्नाच्या आधीपासूनची. मी पेन आणलं आणि कागदावर खाली लिहिलं, 'संकष्टी वगळून.'

नवऱ्याने ते चष्मा लावून वाचलं. मग अनेक वर्षांत कधी न दाखवलेल्या भक्तिभावाने त्याने आईला विचारलं, "संकष्टी महिन्यातून एकदाच येते का गं?"